आमची वाटचाल : गिलाव्याचा पहिला हात

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचं माजघर हे आमचं पहिलं स्वतंत्र काम. त्याआधी मी वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम केलं होतं, पण ते सगळं नव्या इमारतींवर. वाड्याची भिंत चुन्यात बांधलेल्या विटांची. जुना गिलावा खरवडून मी तिथे एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू, असा माल चढवला. माल जितका कडक तितकं काम पक्कं, असं तेव्हा डोक्यात बसलं होतं.

दुसरा पावसाळा सरला आणि घरच्या आजींचा फोन आला. जाऊन पाहतो तर जमिनीपासून कमरेपर्यंत प्लास्टर फुगलेलं. थापीच्या दांड्याने ठोकलं की पोकळ वाजे. एका जागी बोटं घालून ओढलं, तर ताटाएवढा तुकडा सुटून हातात आला. प्लास्टर दगडासारखं शाबूत होतं. त्याच्या पाठीला विटांचा लाल भुगा आणि पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, चिकटला होता.

आजी रागावल्या नाहीत. "परत करून देशील ना रे?" एवढंच म्हणाल्या. दिलं, पदरचे पैसे घालून. आमच्या धंद्याची सुरुवात मी तिथून धरतो.

जुन्या वाड्यांना जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू वाळून जातं. मी सिमेंटने ती वाट बंद केली होती. पाणी आत कोंडलं, त्यातले क्षार विटेच्या तोंडाशी साठले आणि त्यांनी वीट फोडली.

चुन्याचं काम मी वाईच्या एका वृद्ध गवंड्यांकडून शिकलो. त्यांना सगळे तात्या म्हणत. कळीचा चुना भिजवून आठवडेच्या आठवडे मुरवायचा, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून मळायचा. तात्या घमेल्यातला माल थापीवर घेऊन थापी उलटी करत. माल थापीला धरून राहिला, तरच भिंतीवर जाऊ देत. आणि सांगत, "भिंतीपेक्षा गिलावा मऊ पाहिजे." आजही आमचा प्रत्येक माल याच हिशोबाने ठरतो.

नव्या विटांच्या आतल्या भिंतीला एकास सहा, १२ मिलिमीटर, एका हातात, म्हणजे एकाच थरात, पुरतो. बाहेरच्या बाजूला पाऊस झोडपतो, म्हणून दोन हात : पहिला एकास चार, १२ ते १५ मिलिमीटर, आणि तो ओला असतानाच त्यावर रेघोट्या ओढायच्या, म्हणजे दुसरा हात धरून राहतो. काँक्रीटच्या कॉलमला टाचे, म्हणजे माल धरायला बारीक खाचा, मारल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. विटा आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी ठोकतो, नाहीतर तिथे तडा ठरलेला. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकवर कडक माल आकसतो आणि ब्लॉकपासून सुटतो, म्हणून तिथेही एकास सहाच. जिप्समचं काम झटपट होतं, पाणीही मारावं लागत नाही. पण ओल येणाऱ्या भिंतीला आम्ही ते लावत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

दुरुस्तीत सर्वात जास्त घाई खोल खड्ड्यांवर होते. ४० मिलिमीटरचा खड्डा एका दमात भरला की माल स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो, आणि राहिलाच तर वाळताना तडकतो. आम्ही तो तीन हातांत भरतो. त्यात दिवस जातात, मजुरी वाढते, आणि या कारणाने कामं हातची गेली आहेत. तशी कामं जाऊ देतो.

वाळूचंही तसंच. क्रश सँड, म्हणजे दगड चुरून केलेली वाळू, आली की ट्रक रिकामा करण्याआधी काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलवतो, तीन तास ठेवतो. वर बसलेला मातीचा थर जाड दिसला तर गाडी परत.

आज आमच्याकडे सहा गवंडी आहेत, त्यातले दोघे चुन्याचं काम करणारे. नव्या घरी पहिल्या भेटीत आम्ही भाव सांगत नाही. तळहाताएवढा गिलावा फोडून आत काय आहे ते पाहतो, आकडा त्यानंतर देतो.