आकाशवाणी जाहिरातींवर चालवा, असं मी आता का म्हणत नाही

“आकाशवाणी-दूरदर्शन आमच्या करातून कशाला पोसायचं? जाहिराती मिळवा आणि चालवा. पूर्वी तुम्हीच असं म्हणायचात, आता काय झालं?”

हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की एकदाच नीट लिहून टाकतो. हो, मीच म्हणायचो. मी जाहिरात व्यवसायात होतो, प्रायोजक मिळवून देणं हेच माझं काम. ‘ज्याला श्रोते आहेत त्याला जाहिरातीही मिळतात, ज्याला मिळत नाहीत ते बंद पडलं तर बिघडलं कुठे?’ हे माझं तेव्हाचं ठरलेलं वाक्य. माझं मत पुस्तकं वाचून बदललं नाही. कापसाच्या एका हंगामात बदललं.

एका रेडिओ केंद्रावरच्या शेतीच्या कार्यक्रमाला मी कीटकनाशकांच्या एका कंपनीचं प्रायोजकत्व मिळवून दिलं होतं. कंपनी कोणती, केंद्र कोणतं, हे सांगणार नाही. त्यांच्यावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. प्रसारणाच्या आदल्या दिवशी आम्ही ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो, शेजारी कंपनीचा माणूस. कीटकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बोलत होते. शांत आवाज, कसली घाई नाही. “पान उलटं करून बघा. पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसत नाहीत तोवर फवारणी करू नका. कीड खाणारे ढालकिडे दिसले तर त्यांना त्यांचं काम करू द्या. आठ दिवस थांबा.” अर्ध्या मिनिटाचा मजकूर असेल.

कंपनीचा माणूस मला बाहेर घेऊन गेला. “पैसे आम्ही द्यायचे आणि आमच्याच कार्यक्रमात ‘फवारू नका’?” एवढंच बोलला. मी आत आलो आणि कार्यक्रम करणाऱ्या बाईंना म्हटलं, “मॅडम, वेळ जरा जास्त होतोय. हा भाग पुढच्या वेळी घेऊ या का?” त्यांना सगळं कळलं होतं. म्हणाल्या, “पुढच्या वेळी म्हणजे आठवड्याने. तोवर लोकांनी मारलेलं असेल.” मी म्हटलं, “पुढचा करार अजून व्हायचाय.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. माऊस पुढे ओढला, पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेतला तेवढा तुकडा निवडला, पुसला, दोन्ही टोकं जुळवली. आम्ही पुन्हा ऐकलं. कुठे कापलंय ते कळतसुद्धा नव्हतं.

दिवाळीत मामाकडे गेलो. मामाची शेती कोरडवाहू. कपाशीच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, “त्या आठवड्यात मी मुद्दाम रेडिओ ऐकला रे. मारू का थांबू, काही कळेना. थांबा म्हणाले असते तर थांबलो असतो. काही बोललेच नाहीत. मग आणलं औषध उधारीवर.” मी मान डोलावली. तो भाग मीच काढायला लावला होता, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो : खोटं तर काही सांगितलं नाही ना? खरं आहे, एकही खोटं वाक्य प्रसारित झालं नाही. तेच तर डाचतं. प्रायोजकाला खोटं बोलून घ्यावं लागतच नाही, एक वाक्य गाळून घेतलं की त्याचं भागतं.

“मग सरकारी पैसा स्वच्छ का?” असं मी कधीच म्हटलेलं नाही, ते माझ्या तोंडी घालू नका. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून. स्वायत्तता कायद्यात आली, पण अनुदान येतं ते केंद्राच्या अर्थसंकल्पातूनच. प्रसारणाची यंत्रणा सुधारण्यासाठी २०२३ मध्ये अडीच हजार कोटींहून मोठी योजना आली, तीही मंत्रिमंडळानेच मंजूर केली. म्हणजे हाही प्रायोजकच, आणि सगळ्यांत मोठा. वाक्य त्यालाही गाळून घेता येतं.

काही जण म्हणतात, पूर्वीसारखा परवाना आणा. पोस्टात पैसे भरून रेडिओचा परवाना घ्यावा लागायचा, ऐंशीच्या दशकात तो गेला. पण मामाने आणि बंगलेवाल्याने सारखीच रक्कम भरायची, हे मला पटत नाही. फिनलंडने २०१३ पासून सार्वजनिक प्रसारणासाठी वेगळा कर लावला, उत्पन्नाच्या प्रमाणात आणि वर मर्यादा घालून. जर्मनीत २०२१ पासून दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो ठरले. पैसे किती लागतील ते तिथे स्वतंत्र आयोग तपासतो. त्याने सुचवलेली ८६ सेंटची वाढ एका राज्याने २०२० मध्ये अडवली, तेव्हा पुढच्या वर्षी घटना न्यायालयाने ती लागू केली. मला हवंय ते साधारण असं : पैसा लोकांचा, काही वर्षांसाठी एकदाच ठरलेला, आणि आकडा सत्तेत बसलेल्यांच्या मर्जीवर नाही.

आणि मग मला ग्रीस आठवतो. तिथे हे शुल्क वीजबिलातून वसूल व्हायचं. तरीही जून २०१३ मध्ये सरकारने एका दुपारी जाहीर केलं आणि त्याच रात्री सार्वजनिक वाहिनीचे पडदे काळे झाले. ती परत सुरू व्हायला दोन वर्षं लागली. आपल्याकडे असा आयोग आलाच तर त्यावर माणसं कोण नेमणार, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

मध्यंतरी मामालाच विचारलं, “रेडिओसाठी वर्षाला शंभर रुपये भरशील का?”

त्याने विचार केला. “पावसाचं आणि औषधाचं नीट सांगणार असतील तर भरीन की,” म्हणाला. “पण यंदा नको. आधी दुकानाची उधारी फिटू दे.”