अकरावी स्लाइड बसली, पण बारावी गेली

मंडळी, माझ्या भाषणाची अकरावी स्लाइड एकदाची वेळेत बसली. काल रात्रीच्या तालमीत ती १९ सेकंदांत आटपली आणि उरलेला एक सेकंद मी नुसती शांत उभी राहिले. तो एक सेकंद काय सुखाचा होता!

विषय तोच, क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो. भाषणाचा साचाही तोच, पेचाकुचाचा: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद, आणि स्लाइड आपोआप सरकतात. अकराव्या स्लाइडवर सगळं भाषण उभं आहे. चंद्र नुकता उगवलेला असो की डोक्यावर आलेला, आपल्या डोळ्यापाशी तो साधारण अर्ध्या अंशाचाच कोन करतो. उलट क्षितिजावर असताना तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या एका त्रिज्येइतका जास्त लांब असतो, म्हणजे दिसायला हवा तो किंचित लहान. हे ऐकणाऱ्याला इथे पटलं नाही, तर पुढच्या नऊ स्लाइड हवेत जातात.

मागच्या नोंदीत सांगितलं होतं की मी माझा बोलण्याचा वेग मोजला. मिनिटाला ११० शब्द. म्हणजे एका स्लाइडला ३६, फार तर ३७. अकरावीचा मजकूर होता ५२ शब्दांचा, त्यामुळे आठ सेकंदांची घसरण होणारच होती. आणि २०×२० मध्ये घसरण भरून काढायला जागा नसते. बारावीचं वाक्य तेराव्या चित्रावर येतं, तेरावीचं चौदाव्यावर, आणि समोरचे लोक चित्र बघायचं की आपलं ऐकायचं या गोंधळात पडतात.

तर मी मजकूर छाटला. ५२ चे ४४, मग ३६. प्रत्येक शब्द काढताना जीव खालीवर होत होता, पण आकडा जमला. तालीम केली, तर तरीही सहा सेकंद जास्त! शब्द बरोबर, वेग बरोबर, मग हे सहा सेकंद येतात कुठून? दोन दिवस काही सुचेना.

शेवटी फोनवर केलेलं चित्रण आवाज बंद करून पाहिलं. ज्यांनी हे अजून केलं नसेल त्यांनी आजच करा. आवाज असला की आपण आपलीच वाक्यं तपासत बसतो, आवाज गेला की अंग काय करतंय ते दिसतं. अकरावी आली की मी पडद्याकडे वळत होते. आकृतीला पाच नावं दिलेली होती, डोळा, क्षितिज, दोन चंद्र आणि कोन, आणि लेझरचा ठिपका प्रत्येक नावापाशी नेऊन मी थांबत होते, लोकांचं वाचून होईपर्यंत. सहा सेकंद त्या नावांत जात होते. छाटायला हवी होती ती आकृती, मी छाटत बसले होते वाक्यं.

(लेझरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. हात जरासा कापला तरी पडद्यावर तो ठिपका हातभर नाचतो. चित्रात बोट दाखवावं लागत असेल तर चित्रच बदलावं. आणि स्लाइड आपोआप सरकत असताना क्लिकर हातात धरूच नका. चुकून दाबला गेला की सगळं वेळापत्रक गेलं.)

आकृती काढून टाकली आणि ठरवलं की लोकांनाच मोजू द्यायचं. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली की तिची रुंदी साधारण एक अंश भरते. चंद्र त्याच्या निम्मा. म्हणून पडद्यावर पौर्णिमेचा मोठा फोटो लावला आणि गटातल्या पाच जणांना म्हटलं, एक डोळा मिटा, करंगळीने झाका. मागच्या दोघांनी सहज झाकला. पुढच्या खुर्चीवरचे ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “अहो ताई, माझी करंगळी पुरत नाहीये!” तिथेच सगळं फिसकटलं, वीस सेकंद बोलण्यातच गेले.

चूक माझी होती, आणि गणिताची होती. पाच मीटरवर अर्धा अंश म्हणजे साधारण ४.४ सेंटिमीटर, दहा मीटरवर ८.७. पडद्यावरचा चंद्र प्रत्येक खुर्चीवरून वेगळ्याच मापाचा दिसणार. एकच माप सगळ्यांना सारखं पडेल असं चित्र पडद्यावर दाखवताच येत नाही.

मग चंद्रच काढला. स्लाइड पूर्ण काळी. “हात लांब करा. करंगळी बघा. उगवता चंद्र आठवा. तो या करंगळीमागे मावेल?” सगळे नाही म्हणतात. “मावतो, आणि दोन्ही बाजूंना जागा उरते.” हे म्हटल्यावर पाचही जण हात तसाच ठेवून बोटाकडे बघत राहिले. एकाने दुसरा डोळा मिटून पुन्हा पाहिलं. इतक्या तालमी झाल्या, पण लोक पडद्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही, स्वतःच्या हाताकडे बघताहेत, हे पहिल्यांदाच घडलं.

काळ्या स्लाइडची एक अडचण निघाली. यंत्र सांभाळणारा मित्र उठून केबल तपासायला लागला, त्याला वाटलं प्रोजेक्टर गेला. आता पार्श्वभूमी गडद निळी केली आहे. मध्ये काहीही नाही, पण पडदा चालू आहे हे कळतं.

हात वर व्हायला वेळ लागतो, म्हणून ही निळी स्लाइड सध्या अकरा आणि बारा अशी दोनदा लावली आहे. कालचे १९ सेकंद पहिलीचे, उत्तर दुसरीवर येतं. त्यासाठी जुनी बारावी सोडावी लागली, वातावरण भिंगासारखं काम करत नाही ती. फार आवडती होती. वातावरणामुळे क्षितिजावरचा चंद्र मोठा होत नाही, फक्त उभ्या दिशेने थोडा चपटा होतो, आणि तो चपटा चंद्र मी फार मन लावून चितारला होता. प्रश्नोत्तरांसाठी शेवटी ठेवला आहे. कोणी ना कोणी विचारतंच.

एकाने सुचवलं होतं की तेवढ्या एका स्लाइडला २८ सेकंद द्या, कोणाला कळणार? मला ते मान्य नाही. २००३ मध्ये टोकियोत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम यांनी हा साचा काढला तो आर्किटेक्ट मंडळी बोलायला लागली की थांबत नाहीत म्हणून. ती मर्यादा नसती तर मी आकृतीतली पाच नावं तशीच ठेवली असती.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. करंगळी अकरावीपर्यंत राखून कशाला ठेवायची? दुसऱ्याच स्लाइडवर हात लांब करायला लावते, “हे माप लक्षात ठेवा” एवढंच म्हणते आणि पुढे जाते. मग अकरावीला हात वर व्हायला वेळच लागणार नाही, प्रश्न आणि उत्तर एकाच स्लाइडमध्ये मावेल आणि बारावी मोकळी होईल. चपटा चंद्र परत येऊ शकतो! धोका एवढाच की दुसऱ्या स्लाइडला लोक अजून खुर्चीत स्थिरावत असतात, तेव्हा हात वर करतील का? तिसरीवर नेली तर सध्याच्या तिसरीची कथा पुढे ढकलावी लागेल, आणि ती पाचवीला जोडलेली आहे.

रविवारी दोन्ही क्रमांनी तालीम लावते, आवाज बंद करून दोन्ही चित्रणं बघते. ज्यांनी सुरुवातीच्याच स्लाइडला प्रेक्षकांकडून काही करून घेतलं असेल, त्यांनी किती जणांनी खरंच केलं ते कळवा.