मान वळत नव्हती

शस्त्रक्रियेला नऊ महिने आणि अकरा दिवस झाले होते. परभणीहून पहाटेच्या रेल्वेने बापलेक छत्रपती संभाजीनगरला उतरले, तेव्हा माझे फिजिओथेरपी क्लिनिक उघडलेलेही नव्हते. मी पोहोचलो तर दोघे पायरीवर बसलेले. मुलाच्या मांडीवर एमआरआयचे जुने पाकीट आणि वडिलांच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. हा मुलगा पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळण्यास तंदुरुस्त आहे असे पत्र क्लबला द्यायचे की नाही, एवढेच त्या दिवशी ठरवायचे होते, आणि खरे सांगायचे तर ते पत्र मी आदल्या रात्रीच टाइप करून ठेवले होते.

मुलगा एकोणीस वर्षांचा, खेळणारा मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्या निमित्ताने शाळाशाळांतून फुटबॉल वाटले गेले आणि त्यातला एक याच्या पायाशी आला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याच स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करणारा जीक्सन सिंग हाही मिडफिल्डरच, हे त्याने मला पहिल्या भेटीतच सांगितले होते. शाळेचे मैदान मुरमाड; चेंडू कुठल्या खड्यावरून कुठे उसळेल याचा नेम नाही, त्यामुळे आमच्याकडची मुले नजर पायाशी ठेवूनच खेळायला शिकतात. चौदाव्या वर्षी तो बाहेरच्या एका निवासी अकादमीत निवडला गेला, आणि तिथे त्याचे पहिले वर्ष निव्वळ मान वर करायला शिकण्यात गेले. सतराव्या वर्षी पहिला करार झाला. अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार करता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. तेव्हा करार तीन वर्षांचा आणि त्यावर वडिलांचीही सही. नंतर कनिष्ठ संघ, मग राखीव खेळाडूंचा बाक, मग बदली खेळाडू म्हणून शेवटची अकरा मिनिटे, आणि एकंदर चार सामने. पाचव्याच्या आधी सरावात प्रतिस्पर्ध्याला अडवायला जाताना त्याने पाय रोवला, अंग वळले, गुडघा वळला नाही. कोणाचा धक्काही लागला नव्हता. एसीएल म्हणजे गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रकार फुटबॉलमध्ये बहुतांशी असेच, गुडघ्याला कोणाचा थेट धक्का न लागता घडतात.

मांडीमागच्या स्नायूची कंडरा (टेंडन) वापरून नवा अस्थिबंध बसवण्यात आला आणि हंगाम संपताच क्लबने त्याला घरी पाठवले. तेव्हापासून दर पंधरवड्याला तो रेल्वेने माझ्याकडे येत होता आणि मधल्या दिवसांत घरच्या अंगणात व्यायाम करत होता. नऊ महिने थांबायचे, हे त्याला मी पहिल्याच दिवशी बजावले होते. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मैदानावर परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते.

सकाळच्या चाचण्या लवकर आटोपल्या. मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या 94 टक्के भरली. एका पायावरची लांब उडी, सलग तीन उड्या, तिरक्या उड्या, एका पायावर उड्या मारत सहा मीटर जाण्याची वेळ, सगळे 90 टक्क्यांच्या वर. वडील दारात उभे राहून आकडे ऐकत होते. ‘‘म्हंजे पास झालं की पोरगं,’’ ते म्हणाले. मीही तसेच समजत होतो. चेंडूवरची शेवटची तपासणी तेवढी बाकी होती, म्हणून आम्ही गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलावर गेलो.

तिथे माझा सहायक समोरून पास देत होता आणि मुलाने पाठमोरा चेंडू घेऊन वळायचे होते. मिडफिल्डरचे निम्मे काम हेच असते. बचावपटूकडून चेंडू येत असतो, प्रतिस्पर्ध्याचे गोलक्षेत्र पाठीशी असते, आणि चेंडू पायाशी पोहोचण्याआधी मागे कोण आहे, किती अंतरावर आहे, कोणत्या बाजूने वळले तर वाट मोकळी मिळेल, हे खांद्यावरून एकदोनदा पाहून ठरवून ठेवावे लागते. चेंडू आल्यावर विचार करायला वेळ उरत नाही. मी कडेला मोबाइलवर चित्रण करत त्याचा गुडघा आत झुकतो का, एवढेच पाहत होतो. गुडघा नेटका होता. त्याचे वडील लिंबाखालून उठून, डबा हातात घेऊन, चालत चालत त्याच्या पाठीमागे जेमतेम पाच पावलांवर येऊन उभे राहिले आणि तो वळताना त्यांच्यावरच आदळला.

सगळे हसले. मी मात्र चित्रण मागे नेऊन पुन्हा पाहिले. वीस पास आले होते आणि त्याने मागे पाहिले होते फक्त दोनदा. वडिलांच्या मोबाइलमध्ये त्याच्या कनिष्ठ संघातल्या सामन्याचे जुने चित्रण होते, ते मागून घेतले. त्यात तोच मुलगा, चेंडू त्याच्याकडे निघण्याआधीच, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे मान वळवत होता. शेतात राखणीला बसलेल्या माणसासारखा. आज त्याची नजर एकतर येणाऱ्या चेंडूवर होती, नाहीतर स्वतःच्या पायाखालच्या जमिनीवर.

अस्थिबंध म्हणजे नुसता दोर नव्हे. त्यात मज्जातंतूंची टोके असतात आणि गुडघा या क्षणी किती वाकला आहे, कुठे झुकला आहे, याची वर्दी ती मेंदूला देत असतात. मूळ अस्थिबंध तुटला की ती वर्दी तुटते, आणि बसवलेला नवा दोर मजबूत असला तरी तसा बोलका नसतो. अशा रुग्णांनी गुडघा हलवताना त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले असता दृष्टीशी निगडित भाग अधिक कामाला लागलेला आढळला आहे. पायाची खबर पायाकडून मिळत नाही, तेव्हा ती डोळ्यांकडून घेतली जाते. सामान्य माणसाचे त्यामुळे फारसे अडत नाही. ज्याचे डोळे पाठीमागे हवेत, त्याचे अडते.

हे मी वाचलेले होते, तरीही त्याच्या बाबतीत ते मला सुचले नव्हते. उलट नऊ महिने मी त्याला आरशासमोर उभा करून ‘गुडघ्याकडे पाहा, आत जाऊ देऊ नकोस’ असेच सांगत आलो होतो. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यांवर अचूक पाय पडावा म्हणून तो खालीच पाहत असे, आणि मी शाबासकी देत असे. अकादमीने वर्षभर खपून त्याची वर आणलेली मान मी पुन्हा खाली घातली होती.

पत्र देता येणार नाही, असे मी तिथेच सांगितले. करार संपायला पाच महिने उरले होते, आणि पत्राला होणारा उशीर क्लबला कसा दिसेल हे तिघांनाही ठाऊक होते. मुलगा काही बोलला नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. वडील म्हणाले, ‘‘साहेब, पळायलंय, उड्या मारायलंय, आकडे तुम्हीच सांगितले. मंग काहून थांबायचं?’’ मी त्यांना दोन्ही चित्रणे शेजारी शेजारी धरून दाखवली. जुने ते दोनदा पाहून झाल्यावर म्हणाले, ‘‘आधी लई इकडंतिकडं बघायचं हे. म्या म्हणायचो, खेळाकडं ध्यान नाही याचं.’’

मी सहा आठवडे मागितले. आरशावर चादर टाकली, पट्ट्या खरवडून काढल्या. उड्या मारताना समोरच्या भिंतीवरचे आकडे वाचायचे, एका पायावर उभे राहून बाजूने फेकलेला चेंडू झेलायचा. मग मैदानावर, सहायक समोरून पास देत असताना मी पाठीमागे उभा राहून बोटे दाखवायचो आणि चेंडू पोहोचण्याआधी त्याने मान वळवून ती मोजायची. पहिल्या आठवड्यात बोटे मोजली की चेंडू निसटायचा, चेंडू धरला की बोटे चुकायची. त्याच्या चिडण्याला मी आडकाठी केली नाही.

सहाव्या आठवड्यात ते आले, तेव्हा मी पत्र टाइप करून ठेवले नव्हते. वडील नेहमीप्रमाणे लिंबाखाली बसले. पहिले आठ पास त्याने बरोबर घेतले, आठही वेळा बोटे बरोबर सांगितली. नवव्या पासाला चेंडू निघण्याआधी त्याने दोनदा मान वळवली, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू पुढे घेत वळला आणि धावता धावताच म्हणाला, ‘‘तीन, सर. अन् बाबांनी डबा उघडला.’’