निवड चाचणीत आधी दिसतं ते

रविवार, रात्री

सोळा वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेट निवड चाचण्या जवळ आल्या की इंदुरातले आईबाप आधी पोराला न्हाव्याकडे नेतात. 2022 साली मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून रणजी जिंकली, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित सरांच्या शिस्तीचा बोलबाला झाला, आणि शिस्त म्हणजे बारीक केस असा काहींनी समज करून घेतला. केसांवर कुणाची निवड अडत नाही, अडू तर नयेच.

नेटमध्ये फलंदाजाला दहा-पंधरा चेंडू मिळाले तर नशीब. त्यातले पहिले दोन-तीन हेल्मेट सावरण्यात गेले की उरलं काय? नवं हेल्मेट आठवडाभर आधीपासून सरावात वापरावं. पट्टा हनुवटीखाली घट्ट बसला पाहिजे, मान झटकली तरी हेल्मेट डोळ्यांवर घसरता कामा नये. नव्या स्पाइक्सचंही तेच. टाच सोलली की रन-अपची पावलं चुकतात, नो-बॉल पडतात, आणि निवडकर्त्याच्या वहीत नो-बॉलच लिहिले जातात, टाच नाही. कपडे पांढरे सांगितले असतील तर पांढरे आणि धुतलेले, बस. महागड्या किटचा रुबाब पहिल्या चेंडूपर्यंत टिकतो. जुन्या पॅडची उसवलेली पट्टी नीट शिवून घेतलेली दिसली, तर मला तरी तो पोरगा जास्त आवडतो.

सातची वेळ असेल तर साडेसहाला मैदानावर. आधार, जन्मदाखला, गुणपत्रिका, फोटो एका फाइलीत, आणि फाइल मुलाच्या हातात, बाबांच्या नव्हे. पोहे घरून खाऊन निघावं, जिलबी परतताना.

खरी पारख होते ती पाळी नसताना. जाळीमागे गेलेला चेंडू कोण आणून देतो? थ्रोच्या सरावात बॅकअपला कोण धावतो? कोण सावली धरून मोबाइल चाळतो? झेल सुटल्यानंतरची दहा सेकंदं तर मुद्दाम बघण्यासारखी. एक जण तळहाताकडे बघतो, मग सूर्याकडे, मग गवताला लाथ मारतो. दुसरा चेंडू उचलून फेकतो आणि परत जागेवर वाकून उभा राहतो. तीन दिवसांच्या सामन्यात चुका होणारच, त्यामुळे दोघांचा खेळ सारखा असेल तर पसंती दुसऱ्यालाच मिळते. जाळीमागून ‘बॅकफुटवर जा’ म्हणून ओरडणारे बाबा मात्र पोराचं नुकसान करतात. तो चेंडू सोडून तिकडे बघतो आणि बघणाऱ्याला वाटतं, याला स्वतःचं डोकं नाही.

पण बघणाऱ्याचीही फसगत होते. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धी आणि नेतृत्वातही चढते गुण पडलेले. मैदानावर हेच चालतं. त्यामुळे नावाऐवजी छातीवरचा नंबर, आधी कौशल्याचे गुण, ते लिहून झाल्यावरच वागणुकीचे, असा क्रम पाळलेला बरा. शिवाय वयोगट ठरवायची तारीख 1 सप्टेंबर. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा पुढच्या ऑगस्टातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, आणि या वयात वर्षभरात खांदे भरतात, चेंडू जोरात पडतो. वहीत नंबरासमोर जन्ममहिना असला, तर ऑगस्टातल्या बारक्या लेगस्पिनरला अजून एक ओव्हर द्यायचं तरी सुचतं.