टू मेडिसिनच्या तळ्याकाठी तंबू, ग्लेशियर नॅशनल पार्कची शांत बाजू

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं ग्लेशियर नॅशनल पार्क म्हटलं की सगळे गोइंग-टू-द-सन रोड हा पार्कच्या मधून जाणारा डोंगरी रस्ता आणि मेनी ग्लेशियर हा प्रसिद्ध भाग यांबद्दलच बोलतात, आणि ते आहेच तसं भारी, पण तंबू घेऊन जाणार असाल, बरोबर मुलं असतील आणि रोज पहाटे पार्किंगसाठी धावपळ नको असेल तर पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातलं टू मेडिसिन गाठा असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही दोन कुटुंबं जुलैच्या शेवटी तिथे राहून आलो, सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे राहून रोज सन रोडला जाऊ असा प्लॅन करू नका. मधे वळणावळणाचा रस्ता आहे, सगळा दिवस गाडीत जातो आणि ज्या तळ्यासाठी आलात ते फक्त अंधारात दिसतं. इथे राहायचं तर इथेच रमायचं.

आम्ही विमानाने कॅलिस्पेल या पार्कच्या पश्चिमेकडच्या गावी उतरून गाडी घेतली, किराणा तिथेच भरला आणि हायवे २ ने पार्कच्या दक्षिण कडेने निघालो, साधारण दोन तास लागतात पण थांबत थांबत जा. वाटेत गोट लिक नावाचा पॉइंट आहे, तिथे खाली नदीकाठच्या कड्यावर डोंगरी बकऱ्या खनिजं चाटायला येतात, आम्हाला पिल्लांसकट दिसल्या, मुलं हलायलाच तयार नव्हती. मग मरायस पास लागतो, ५,२१३ फूट, ही कॉन्टिनेंटल डिव्हाइड म्हणजे खंडाचं पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगररेषा. इथून पश्चिमेचं पाणी पॅसिफिकला जातं, आणि टू मेडिसिनचं मिसूरी नदीत जाऊन शेवटी मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. ईस्ट ग्लेशियर पार्क या छोट्या गावात गाडीत गॅस म्हणजे पेट्रोल भरून घ्या, पुढे मिळणार नाही. गाडी चालवायची नसेल त्यांच्यासाठी, अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची एम्पायर बिल्डर गाडी उन्हाळ्यात या गावात थांबते, स्टेशनसमोरच १९१३ चं जुनं लॉज आहे. तिथून तळं साधारण १२ मैल, अरुंद वळणांचा रस्ता, ब्लॅकफीट या मूळ अमेरिकन जमातीच्या राखीव प्रदेशातून जातो आणि गाईगुरं मोकळी रस्त्यावर असतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत पोचा.

कॅम्पग्राऊंड मुख्य तळ्यावर नाही, त्याच्या खालच्या प्रे लेक या छोट्या तळ्याला लागून आहे, आणि समोर रायझिंग वुल्फ डोंगर असा सरळ उभा की मान वर करून बघावं लागतं, उंची साडेनऊ हजार फुटांच्या वर. साधारण १०० जागा आहेत. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर, तारीख उघडेल त्या मिनिटाला लॉगिन करून तयार बसा, आणि तळ्याला लागून असलेल्या जागा आधी जातात म्हणून नकाशा आधीच बघून दोन-तीन नंबर लिहून ठेवा. एका साइटवर जास्तीत जास्त ८ माणसं आणि २ गाड्या चालतात, दोन कुटुंबं असाल तर तंबूची जागा किती आहे ते फोटोत नीट बघा. नळाचं पाणी आणि फ्लशचे संडास आहेत, शॉवर नाही. फोनला रेंज अजिबात नाही, ऑफलाइन नकाशे गावातच उतरवून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की आता फोन लागणार नाही.

आता वारा. पॅसिफिककडची हवा डिव्हाइड चढून पूर्वेला उतरते तेव्हा या दऱ्यांमधून जोरात खाली येते, त्यामुळे पार्कच्या पूर्व बाजूला वारा हा रोजचा पाहुणा. झाडांच्या आडोशाची साइट घ्या, तंबूचं दार वाऱ्याकडे करू नका, तंबूबरोबर येतात त्या पातळ तारेच्या खुंट्या इथे कामाच्या नाहीत, जाड लांब खुंट्या आणि एक हातोडी आणा, दोऱ्या सगळ्या ताणून बांधा, आणि कुठे फिरायला जाताना तंबूत जड सामान ठेवून जा (खायचं नाही, त्याबद्दल खाली). शेजारचा एक रिकामा तंबू दुपारी दोन साइट पलीकडे लोळत गेलेला आम्ही पाहिला. रात्री जुलैतसुद्धा चांगलीच थंडी, लोकरीची टोपी आणि शून्य अंश सेल्सिअसला चालणारी स्लीपिंग बॅग हवीच, खाली जाड मॅट हवी कारण थंडी जमिनीतून येते.

आणि अस्वलं. हा भाग मी मनापासून लिहितेय, कृपया वरवर वाचू नका. १३ ऑगस्ट १९६७ च्या एकाच रात्री या पार्कमधे दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझली म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलांनी दोन तरुणींचा जीव घेतला, आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे अस्वलांना माणसाच्या उष्ट्या-खरकट्याची लागलेली सवय. त्यानंतर कचऱ्याचे आणि अन्नाचे नियम कडक झाले, आजचे नियम तिथून आलेत. खाणं, मसाल्याचे डबे, कूलर, स्टोव्ह, भांडी, टूथपेस्ट, साबण, लिप बाम, कुत्र्याचं खाणं, पाण्याची रिकामी बाटलीसुद्धा, वापरात नसेल तेव्हा काचा बंद केलेल्या गाडीत किंवा लोखंडी लॉकरमधे. तंबूत एक बिस्किटही नाही. आपल्या जेवणाचा वास लांब जातो, म्हणून आम्ही फोडण्या घरूनच करून नेल्या होत्या, तिथे फक्त गरम करायचं, थालीपीठं, मेतकूट भात, पिठलं असं साधं, आणि सगळं उजेडात उरकायचं. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई होत नाही. ज्या कपड्यात स्वयंपाक केला ते घालून झोपू नका. भांडी घासलेलं पाणी साइटवर ओतायचं नाही, ठरलेल्या जागीच टाकायचं.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही, तिथेच विकत घ्या आणि पाठपिशवीत नाही तर कमरेला लावा. ट्रेलवर चार-पाच जणांनी एकत्र राहा, वळणांवर आणि ओढ्याच्या आवाजात टाळ्या वाजवा, मोठ्याने बोला, आम्ही आरत्या म्हणत गेलो आणि समोरून येणारे लोक हसून हात करत होते. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड हा नियम आहे.

फिरण्यात सगळ्यात आवडलं रनिंग ईगल फॉल्स, ब्लॅकफीटांच्या एका स्त्री योद्ध्याचं नाव, गाडी लावून पाच-दहा मिनिटं चालायचं. याची गंमत अशी की कड्याच्या मधल्या भोकातून एक धार येते आणि वरून दुसरी, पाणी भरपूर असताना वरची धार खालचीला झाकून टाकते आणि उन्हाळा सरता सरता वरची आटली की पाणी नुसतं दगडातून फुटल्यासारखं दिसतं. दोन्ही धारा एकत्र बघायच्या तर मधला काळ चांगला. तळ्यावर सिनोपा ही १९२०च्या दशकातली लाकडी बोट चालते, ती पलीकडच्या टोकाला सोडते, तिथून ट्विन फॉल्स मुलांनाही आरामात जमतं आणि दमसास असेल तर पुढे अप्पर टू मेडिसिन लेक. बोटीमुळे जाऊन-येऊन पाच मैलांच्या वर चाल वाचते. तिकिटं आधी काढा आणि सकाळची फेरी घ्या, दुपारी वाऱ्याने पाणी खवळतं. सीनिक पॉइंट जाऊन-येऊन साधारण साडेसात मैल, चढ दोन हजार फुटांच्या वर आणि वरचा भाग पूर्ण उघडा, तिथे एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे क्षितिजापर्यंत सपाट प्रेअरी म्हणजे गवताळ माळ दिसतो, बिगहॉर्न मेंढ्या भेटल्या. सकाळी लवकर निघा आणि वारा असह्य वाटला तर खुशाल परत फिरा.

स्वतःची कयाक किंवा फुगवायचा पॅडलबोर्ड असेल तर पाण्यात टाकण्याआधी तपासणी आणि परमिट सक्तीचं आहे, परक्या शिंपल्यांची लागण तळ्याला होऊ नये म्हणून. घरून निघतानाच धुऊन, पूर्ण सुकवून आणा. लाकूड कॅम्पग्राऊंडमधे गोळा करता येत नाही, जवळपासच विकत घ्या.

तळ्याकाठचं जनरल स्टोअर म्हणजे रेल्वे कंपनीने बांधलेल्या जुन्या शॅलेचं म्हणजे डोंगरी विश्रामगृहाचं जेवणघर, ऑगस्ट १९३४ मधे प्रेसिडेंट रूझवेल्टने याच शॅलेवरून रेडिओवर देशाला भाषण दिलं होतं. आत कॉफी, आईस्क्रीम, थोडं सामान मिळतं, पण जेवणासाठी त्यावर विसंबू नका. सप्टेंबरमधे जाणार असाल तर स्टोअर आणि बोट लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लवकरच बंद होतात, तारखा दर वर्षी बदलतात, त्या बघूनच बुकिंग करा, आणि तेव्हा रात्री बर्फ पडू शकतो हे धरून सामान भरा.