दूरच्या दिव्यांचे गणित

दहा लाख विद्युतभारित कण घेऊन प्रत्येकावर उरलेल्या सर्वांचे बल काढायचे ठरवले, तर सुमारे ५० हजार कोटी जोड्या तपासाव्या लागतात; आणि हे झाले एकाच क्षणापुरते, कारण कण किंचित सरकले की सारा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. कण दुप्पट केले की काम चौपट होते, त्यामुळे नवा, महागडा संगणक आणूनही फारसे पुढे जाता येत नाही.

ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेबही असाच जोडीजोडीचा असतो. स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली दोन दीर्घिकांची भेट अभ्यासण्यासाठी टेबलावर चक्क ७४ विजेचे दिवे मांडले होते. गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो, म्हणून प्रकाशमापक यंत्रच सगळ्या बलांची बेरीज करून देई. युक्ती मला फार आवडते. पण दहा लाख दिवे कोण मांडणार?

दिवेलागणीला नाशिकच्या पांडवलेण्यांवरून उतरताना सिडकोचे दिवे सुटे दिसत नाहीत, एकच उजेडाचा पट्टा दिसतो. दूरच्या कणांचाही असाच गट करता येतो, आणि १९८६ मध्ये जोश बार्न्स आणि पीट हट या खगोलशास्त्रज्ञांनी ते केले. मात्र त्यांच्या रीतीत प्रत्येक कणाला दूरच्या गटांचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागे. येल विद्यापीठातील लेस्ली ग्रीनगार्ड आणि व्लादिमीर रॉखलिन यांनी १९८७ मध्ये ‘फास्ट मल्टिपोल मेथड’ मांडताना पाहणाऱ्यांचेही, म्हणजे ज्यांच्यावरचे बल काढायचे त्या कणांचेही, जागेचे छोटे कप्पे पाडून गट केले. दूरच्या गटाचा परिणाम एका श्रेणीत, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या पदांच्या बेरजेत, लिहायचा, ती श्रेणी आपल्या कप्प्याच्या मध्याभोवतीच्या दुसऱ्या श्रेणीत बदलायची आणि मग कप्प्यातील सर्व कणांनी तीच वापरायची. एवढ्याने काम कणांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात येते.

गणितज्ञाचा हात खरा दिसतो तो उत्तरात जास्तीत जास्त किती चूक राहील, त्या मर्यादेत. गटाच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतरावरून पाहिले, तर श्रेणीतील प्रत्येक वाढीव पदागणिक ही मर्यादा निम्मी होते. साधारण २० पदांत ती दहा लाखांत एक एवढी उरते. अचूकता किती हवी हे आधी सांगा, पदे तेवढीच घेऊ, असा हा सिद्ध केलेला करार आहे, निव्वळ अंदाज नव्हे. जवळच्या शेजाऱ्यांचा हिशेब मात्र जोडीजोडीनेच करावा लागतो, आणि कण थोडेच असतील तर जुनी सरळ बेरीजच आधी संपते.