तिसरी डबी

आमच्या लॅबच्या काउंटरवर शीचा नमुना कशातून येईल याचा नेम नाही. बामची रिकामी बाटली, काड्यापेटी, एकदा तर स्टीलची डबी, वर "ताई, तेवढी डबी परत द्या हं." अठरा वर्षं मायक्रोस्कोपवर बसतेय, आता हसू येत नाही. काड्यापेटी दिसली की मात्र अजून चिडते. पुठ्ठा पाणी शोषतो, नमुना सुकतो आणि जे हलताना दिसायला हवं तेच मरून जातं.

गेल्या पावसाळ्यात एक आजी चार वर्षांच्या नातवाचा नमुना घेऊन आल्या. तीन आठवडे जुलाब. रक्त नाही, ताप नाही. "पोट नगाऱ्यासारखं फुगतं, ढेकरेला नासक्या अंड्याची घाण, आणि शी तेलकट, पाण्यावर तरंगते बघा." दृष्ट काढून झाली होती, कुणीतरी दिलेली अँटिबायोटिकची बाटलीही संपली होती. माझ्या डोक्यात तेव्हाच जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी, आला, पण डोक्यातलं रिपोर्टवर लिहिता येत नाही. स्लाइड कोरी.

दोन दिवसांनी पुन्हा कोरी. पोराची आई वैतागली, "दोनदा नॉर्मल आलंय ना मॅडम, मग परत कशाला?" तिचंही बरोबर, पैसे तिचेच जातात. पण जिआर्डियाचे सिस्ट, म्हणजे त्याची कवचातली रूपं, रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने लागतात.

तिसरा आला तो कोमटच. सलाइनच्या थेंबात, झाडावरून पान गळावं तसे हेलकावे घेत जिवंत जिआर्डिया चाललेले, दोन केंद्रकं डोळ्यांसारखी रोखून. सूक्ष्मदर्शकातून जंतू पहिल्यांदा पाहणाऱ्या लेव्हेनहूक या डच माणसानं १६८१ साली हेच स्वतःच्या पातळ शीत पाहिलं होतं. हा माणूस मला भारी आवडतो.

डॉक्टरांनी वजनावर हिशोब करून मेट्रोनिडाझोल दिलं, दिवसातून तीनदा. औषध कडूजहर, पोरानं पहिला डोस आजीच्या पदरावर थुंकला. सोबत ओआरएस, १४ दिवस झिंक, आणि घरात सगळ्यांना पाणी उकळून. नेहमीच्या क्लोरीनला हे सिस्ट सहज दाद देत नाहीत.

जुलाब थांबले आणि आठवड्याभरात दूध प्यायल्याबरोबर पुन्हा सुरू. "औषध लागू पडलं नाही," म्हणत आजी परत हजर. या वेळी स्लाइडवर काहीच नव्हतं. आतड्याचं अस्तर दुखावलं की दूध काही आठवडे पचत नाही; डॉक्टरांनी दूध तेवढं थांबवलं, दही चालू ठेवलं.

नमुना मात्र आमच्याच डबीत होता. झाकणावर बॉलपेननं लिहिलेलं: सकाळी ७.४०.